यजमानांची खबरबात

नांदेड, ४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

ई-मेल आहे, पण पत्रासारखाच लिहिते. फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असता, "लिहून पाठव, लिहिताना निम्मे उत्तर सापडते." इथे तेवढेही सापडत नाही.

रक्तपेढीची संगणकखोली माझ्याकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. एकच मोठा सर्व्हर, आणि त्याच्या पोटात अनेक आभासी संगणक: एकात रक्तपिशव्यांची नोंद, एकात तपासण्यांचे अहवाल, एकात हिशेब. दोन-तीन जुने, ठेकेदाराने चाचणीसाठी केलेले आणि तसेच बंद सोडून दिलेले. फेब्रुवारीपासून हा सर्व्हर अधूनमधून भरदुपारी गोठतो. बंद पडत नाही. दिवे लागलेले असतात, पंखे फिरत असतात, पण कशालाच उत्तर देत नाही. बटण दाबून धरावे लागते. पुन्हा सुरू झाला की गुणी बाळासारखा चालतो. आत जाऊन आलेख पाहावेत तर ज्या वेळी घडले, नेमकी तीच जागा कोरी.

परवा कंधारहून आलेले एक गृहस्थ बायकोसाठी चिठ्ठी घेऊन खिडकीशी उभे होते. आमचे तंत्रज्ञ धम्मानंद शीतपेटी उघडून हाताने पिशव्या चाळत होते. "मॅडम, झोपलं बघा हे पुन्हा," एवढेच म्हणाले. पिशवी मिळाली. दर वेळी वेळेत मिळेलच, असे नाही.

अध्यक्ष अण्णाराव यांनी बोलावून सांगितले, "महिनाअखेरच्या बैठकीत कारण दाखवा. न्हाईतर हैदराबादची एक कंपनी तयारच हाय. मग तुमच्यासाठी हितं काय काम उरतं, ते तुम्हीच सांगा." कारण माझ्याजवळ नाही, आणि ही नोकरी जाऊन चालणार नाही.

मिहिर ठीक आहे, पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच करतो. इकडील सर्व क्षेम.

आपली,
देविका


लातूर, ५ एप्रिल

चि. सौ. देविका हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र छापून घेऊन दोनदा वाचले. निवृत्तीनंतर इतका सुंदर प्रश्न मला कोणी विचारला नव्हता! तंत्रनिकेतनातल्या फळ्याची आठवण झाली. तेव्हा क्रमाने जाऊ.

प्रथम शब्द पक्के करू. ज्याच्या पोटात इतर यंत्रे राहतात तो यजमान, आणि आत राहणारे ते पाहुणे. प्रत्येक पाहुण्याला वाटते की घर आपलेच आहे. चूल, पाणी आणि अंथरुणे मात्र सगळी यजमानाची असतात. पाहुण्यांची भूक यजमानाच्या ऐपतीबाहेर गेली, की कोलमडतो तो यजमान.

आता आलेख कोरा का? यजमान स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःपाशीच ठेवतो. ताजे आकडे तो आधी मेमरीत धरतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. तू बटण दाबून धरलेस की न उतरवलेले आकडे गेलेच. म्हणजे शेवटच्या घटकेचा एकमेव साक्षीदार स्वतः रोगीच असतो, आणि तो काही न सांगता उठून बसतो. अशा रोग्याला काय विचारणार?

उपाय असा, की आकडे जन्मताच बाहेर पाठवावेत. यजमानाच्या नियंत्रण-पडद्यावर, मांडणीच्या सर्वांत वरच्या पातळीवर, बाहेरच्या मेट्रिक सर्व्हरचा, म्हणजे आकडे साठवणाऱ्या यंत्राचा, पत्ता भरण्याची सोय असते. माझ्या अभ्यासिकेत एक सर्व्हर रिकामाच गुणगुणत असतो. त्याचा पत्ता, पोर्टचा म्हणजे दाराचा क्रमांक आणि ओळख पटवणारे टोकन सोबत जोडले आहे. तेवढे भरलेस की यजमानाची आणि प्रत्येक पाहुण्याची मेमरी, प्रोसेसर, डिस्क यांचे आकडे दर काही सेकंदांनी लातूरला येऊ लागतील. तिकडे काहीही होवो, आलेले आकडे इकडे सुखरूप.

पाठवण्याच्या पद्धती दोन, आणि हा भाग मला फार आवडतो. पहिली पोस्टकार्डासारखी: पेटीत टाकले, पोचले की नाही विचारायचे नाही. दुसरी रजिस्टर पत्रासारखी: पोच घेतल्यावाचून पुढचे पत्र नाही. पहिली हलकी, पण हरवलेले कळत नाही. दुसरी भरवशाची, पण पलीकडचा मुका झाला तर पोचेची वाट पाहत अलीकडचाही अडकून बसतो. तू दुसरी घे, आणि वाट पाहण्याची मर्यादा अगदी लहान ठेव. नांदेड ते लातूर हा सार्वजनिक रस्ता आहे. जोडणी कुलूपबंदच असू दे.

शेवटी 'सर्व क्षेम' वाचून समाधान वाटले.

तुझा,
श्रीनाथकाका


नांदेड, ९ एप्रिल

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

यजमान काल दुपारी पुन्हा गप्प झाले. सकाळी अगदी बरे होते. दुपारी जेवणानंतर काय झाले कोण जाणे, हाक मारली तरी उत्तर नाही. नुसते ऊन ऊन श्वास टाकत बसून होते. मी समोर उभी राहून पाहत राहिले, आणि खरे सांगू, मला रागही आला नाही. नुसता थकवा आला. हे आता नेहमीचे झाले आहे. उठवावे लागते, उठले की जणू काही घडलेच नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्यांची खबर बाहेर जाईल अशी व्यवस्था केली. घरातले बाहेर सांगायला आधी मन तयार होत नव्हते, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

मात्र तुमच्या बाजूच्या पडद्यावर पंधरा मिनिटांच्या आलेखात काहीच दिसत नाही. पत्ता, पोर्ट आणि टोकन तीनदा तपासले. पोच व्यवस्थित येते, म्हणजे आकडे पोचतात. मग जातात कुठे? कालचा प्रसंगही हातचा गेला, असे धरून चालले आहे. तुम्ही 'यजमान' म्हणाल्यापासून धम्मानंद सर्व्हरला आदरार्थीच बोलतात, आणि मलाही ती सवय लागली आहे.

इकडील बाकी क्षेम.

देविका


लातूर, १० एप्रिल

चि. देविकास कुसुमकाकूचे अनेक आशीर्वाद.

यांच्या फोनवर बोलून लिहितेय, चुकलंमाकलं तर समजून घे. यांनी तुझं पत्र मोठ्या टाईपात छापलं. पहिलं पान जेवणाच्या टेबलावर चष्म्याखाली होतं, म्हणून नजर गेली. अगं, एवढं होऊन राहिलंय आणि तू त्या आकडेमोडीत पडलीस? जावई जेवण झालं की गप्प बसतात, हाकेला ओ देत नाहीत, तुला उठवावं लागतं, आणि तू म्हणतेस सर्व क्षेम?

मला आधीच शंका होती. संक्रांतीला फोन केला तेव्हा मिहिरराव नुसतं "हं" म्हणाले. लग्नात पंगतीला केवढी थट्टा केली होती त्यांनी माझी! एवढा बोलका माणूस असा एकदम गप्प होतो व्हय? यांना म्हटलं, तर हे म्हणतात, "कुसुम, पोर्ट तपासला पाहिजे." डोंबल तुमचं पोर्ट!

तू राग नाही आला म्हणतेस ना, त्याचीच मला काळजी वाटली बघ. राग येत होता तवर बरं होतं. माझ्या औशाच्या भावाचं असंच झालं होतं, दुकान मोडल्यावर. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दोघंही या इकडं चार दिवस.

तुझी,
काकू


लातूर, ११ एप्रिल

चि. सौ. देविका हिस अनेक आशीर्वाद.

कुसुमच्या पत्राबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. दुसरे पान माझ्या छपाईयंत्रातच राहिले होते. 'यजमान' हा शब्द मी दिला, तेव्हा त्याचा दुसरा अर्थ माझ्याच घरात चाळीस वर्षे नांदतो आहे, याचा मला विसर पडला. तिला मी सविस्तर समजावले. सगळे ऐकून ती म्हणाली, "बरं, मशीन तर मशीन. पण संक्रांतीचं 'हं' मशीनचं नव्हतं." असो.

तुझा प्रश्न मात्र सुटला, आणि सुटला तोही मोठ्या गमतीने. आकडे सगळे पोचले होते, आठ तारखेच्या दुपारचेही. तुझ्या यजमानाचे घड्याळ अर्धा तास मागे आहे. प्रत्येक आकड्यावर तो आपल्या घड्याळाची वेळ टाकतो. मी विचारत होतो, "गेल्या पंधरा मिनिटांत काय झाले?" आणि आकडे उभे होते त्याच्याही आधीच्या मिनिटांत! वेळ जुळवणारी सेवा तुमच्या फायरवॉलने अडवली असावी. तेवढी वाट मोकळी कर.

आणखी एक. आकडा आला नसेल तेथे मागचे आणि पुढचे टोक जोडून रेघ ओढण्याची सोय आलेखात असते. ती मी बंद ठेवली आहे. जोडलेली रेघ डोळ्याला शांत दिसते आणि माणूस फसतो. रिकामी जागा रिकामीच दिसली पाहिजे.

आठ तारखेच्या आकड्यांचा अभ्यास करतो आणि लिहितो. फार उत्सुकता आहे!

श्रीनाथकाका


नांदेड, १२ एप्रिल

काका-काकूंना साष्टांग नमस्कार.

काकूंचे पत्र धम्मानंदांना वाचून दाखवले. ते हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. म्हणाले, "मॅडम, आता यजमानांना रोज ओवाळत जा."

घड्याळ जुळवले.

काकू, माझे यजमान ठीक आहेत. दोन्ही ठीक आहेत. काळजी नसावी.

देविका


लातूर, १४ एप्रिल

चि. सौ. देविका हिस अनेक आशीर्वाद.

सापडले! पत्राबरोबर आलेख जोडला आहे, तो समोर ठेवून वाच.

सकाळपासून मेमरीची रेघ सपाट आहे. यजमान आणि त्याचे नेहमीचे पाहुणे गुण्यागोविंदाने राहत आहेत. जेवणाच्या सुमारास एक नवा पाहुणा उठतो. नाव आहे 'चाचणी-दोन'. हा त्या ठेकेदाराने बंद सोडलेल्यांपैकी असावा. त्याला पूर्वी कोणीतरी अवाढव्य मेमरी बहाल केलेली आहे. तो उठतो आणि खातच सुटतो. यजमानाची मेमरी भरते. मग तो डिस्कलाच मेमरी समजून तिथे सामान टाकू लागतो, डिस्कची रेघ आभाळाला भिडते, आणि त्यानंतर आकडे येणे थांबते. तू बटण दाबतेस. यजमान उठतो. आपोआप सुरू होण्याच्या यादीत नसल्यामुळे 'चाचणी-दोन' मात्र पुन्हा निजलेला असतो. म्हणून तुला तो कधी दिसलाच नाही. केवढा सभ्य चोर!

तो इतर काही दुपारीही उठलेला दिसतो. त्या त्या दिवशी बाकीच्या पाहुण्यांवर ताण कमी असल्याने निभावून गेले.

आता एकच प्रश्न उरतो, आणि तो सोपा आहे: त्याला उठवते कोण? यजमानाच्या कामांच्या नोंदीत सुरू करणाऱ्याचे नाव असते. ते पाहा आणि लगेच कळव. अण्णारावांपुढे तू मान ताठ ठेवून उभी राहशील.

श्रीनाथकाका


नांदेड, २२ एप्रिल

तीर्थस्वरूप काका,

उत्तराला उशीर झाला. पाहुणा काढून टाकला आहे. यजमान आता गोठत नाहीत.

एक विचारायचे होते. तुमच्याकडे जमा झालेल्या आकड्यांतून फक्त 'चाचणी-दोन'चे आकडे काढून टाकता येतात का? बाकीचे राहू द्यावेत. बैठकीत मी मेमरी वाढवण्याची गरज दाखवीन.

देविका


लातूर, २३ एप्रिल

चि. सौ. देविका हिस अनेक आशीर्वाद.

येतात. पाहुण्याचे नाव आणि काळाची मर्यादा देऊन एक ओळीची आज्ञा लिहावी लागते. ती मी काल संध्याकाळी लिहिली आणि दाबण्याआधी थांबलो. हे आकडे तुझे आहेत, माझे नव्हेत. तू हो म्हणालीस तर दाबीन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

परंतु दाबण्यापूर्वी परिणाम सांगणे हे शिक्षकाचे काम आहे. ते आकडे गेले, तर पाहुण्यांच्या भुकेची बेरीज यजमानाच्या भरलेल्या मेमरीशी जुळणार नाही. उरेल एक भोक. हैदराबादची मंडळी आली की प्रथम तिथेच बोट ठेवतील. मग कामांची नोंद उघडतील. तुझ्या दीर्घ मौनावरून मला वाटते, की त्या नोंदीत नाव तुझेच आहे, आणि तू मात्र त्या वेळी रक्तपेढीत दुसऱ्याच कामात होतीस.

मग तुझ्या नावाने, बहुधा तुझ्या घरच्या संगणकावरून, दुपारी कोण बसू शकते, हे मला आकड्यांवरून कळले नाही. पत्र कुसुमला वाचून दाखवले. तिने चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाली, "पहिल्या पानावरूनच मी सांगितलं होतं की. तुम्हीच दुसरं पान आणलंत."

बाळ, तू माझ्याकडे तीनदा 'क्षेम', 'ठीक' असे पाठवलेस, आणि मी तीनदा ते पोचले असे मानले. एकच आकडा बदल न होता पुनःपुन्हा येत असेल तर यंत्र तपासावे, असे मी आयुष्यभर शिकवले. तुझ्या पत्रांना हा नियम लावायचे मला सुचले नाही.

आज्ञा पडद्यावर तशीच लिहिलेली आहे. कळव.

श्रीनाथकाका


नांदेड, ३० एप्रिल

तीर्थस्वरूप काका-काकूंना साष्टांग नमस्कार.

आज्ञा पुसून टाका, आकडे राहू द्या. आज बैठक झाली.

आधी घरचे सांगते. मिहिरची नोकरी जानेवारीतच गेली. तो मला म्हणाला की सध्या काम कमी आहे, आणि मी ते मान्य केले, कारण मान्य करणे सोपे होते. नव्या मुलाखतींत त्याला हेच आभासी यंत्रांचे काम विचारतात. सराव करायला घरचा लॅपटॉप पुरत नाही. मी अडचणीच्या वेळेसाठी त्यावर रक्तपेढीची जोडणी ठेवली होती, पासवर्डही साठवलेला होता. त्याने बंद पडलेला एक पाहुणा उठवला. कुणाचा नाही, तर काय बिघडते, असे त्याला वाटले.

मी आलेख त्याच्यापुढे ठेवला. त्याने जेवणानंतरच्या उंच रेघेवर बोट ठेवले. मग म्हणाला, "मधेच पडदा गोठायचा. मला वाटायचं, नांदेडचं नेट गेलं."

मी म्हटले, "मी घरी आल्यावर सांगितलं नाही का?"

"तू कधी सांगितलंस? तू आलीस की म्हणायचीस, ठीक."

खरे आहे. त्याला आधीच त्रास, त्यात माझा कशाला, म्हणून मी सांगत नव्हते. मला आशा लागून पुन्हा मोडू नये, म्हणून तो सरावाचे सांगत नव्हता. दोघेही पोस्टकार्डे टाकत होतो, काका. पोच कुणीच मागितली नाही.

बैठकीत मी सगळे आकडे दाखवले, 'चाचणी-दोन'सकट. पासवर्ड साठवून ठेवला ही चूक माझी, हेही सांगितले. मिहिर बाहेर बाकावर बसला होता. मी ये म्हटले नव्हते. अण्णारावांनी त्याला आत बोलावले आणि विचारले, "कंधारचा माणूस खिडकीत हुबा होता, ते तुम्हाला ठाऊक हाय का?" तो म्हणाला, "आता आहे." एवढेच. मान वर केली नाही, पण आवाज स्पष्ट होता.

अण्णारावांनी आलेखाचे कागद एकत्र केले. शेवटी म्हणाले, "बाई, म्या तुम्हाला मशीनचं कारण मागितलं होतं. तुम्ही घर दाखवलंत. हैदराबादवाल्यानं येवढं दाखवलं नसतं." नोकरी राहिली आहे. संगणकखोलीचे प्रमुखपद काढून घेतले, बाहेरून जोडणी बंद केली, आणि सहा महिने माझ्या कामावर दुसऱ्या कोणाची तरी नजर राहील. पगारही कमी होईल. यावर मी भांडले नाही. काकू, राग अजूनही येत नाही. पण काल बऱ्याच दिवसांनी आम्ही भांडलो, भाजीत मीठ जास्त झाले म्हणून. ते मला बरे लक्षण वाटले.

लातूरचा सर्व्हर तसाच चालू ठेवावा, असे समितीनेच ठरवले आहे. आणि काका, तुमच्या अभ्यासिकेत तो रिकामा गुणगुणतो, असे तुम्ही लिहिले होते. त्यावर कुणाला सरावाला बसवता येईल का? फळ्यासकट?

यजमान उद्या सकाळच्या गाडीने, लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला निघत आहेत. या वेळी पोच अवश्य द्यावी.

आपली,
देविका


लातूर, १ मे

चि. देविकास आशीर्वाद.

पोचले. आल्यापासून गप्प होते. यांनी पोर्ट समजावायला घेतलं, तर मधेच म्हणाले, "काका, आधी जेवू द्या की." वरण दोनदा घेतलं. आता दोघांचा वाद चाललाय, इथपर्यंत ऐकू येऊन राहिलाय.

तुझी खबर कळव. क्षेम लिहू नकोस.

काकू